सीएनसी राऊटर काटकोनात आणताना

सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या सांगण्यावरून लाकूड कापणारं मशीन, दुसऱ्याच दिवशी उभं राहिलं. त्यावर विसंबून पहिली फळी कापायला मात्र तिसरा आठवडा उजाडला. मधल्या काळात लाकूड जवळजवळ कापलंच नाही, मोजतच बसलो होतो.

सुरुवात जागेच्या भांडणाने झाली. टेबलाचं माप घेऊन कोपरा ठरवला होता, पण केबलची साखळी बाजूला बाहेर येते, फळी चढवायला समोर माणूस उभा राहावा लागतो आणि धुळीची नळीही कुठूनतरी न्यावी लागते. शेवटी रंधा मशीनला चाकं लावली. आता ते लागेल तेव्हा मध्ये येतं आणि काम झालं की भिंतीला जातं.

मग आकड्यांचा घोळ. मोटरचा एक फेरा म्हणजे २०० पावलं, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) प्रत्येक पावलाचे ८ भाग करतो, आणि स्क्रू एका फेऱ्यात १० मिलिमीटर सरकतो. १६०० भागिले १०, म्हणजे मिलिमीटरला १६० पावलं. मी स्क्रू ५ मिलिमीटरचा समजून ३२० भरले. १०० सांगितले तर गॅन्ट्री, म्हणजे टेबलावरून पुढेमागे सरकणारा आडवा पूल, २०० गेली आणि शेवटच्या ठोकळ्यावर आपटली. भाच्याने लाल बटण माझ्याआधी दाबलं. तेव्हापासून ते बटण मशीनच्या मागे नाही, समोर हाताशी आहे.

खरा वेळ खाल्ला तो काटकोनाने. गॅन्ट्रीला दोन्ही बाजूंना एकेक मोटर आहे. एक बाजू जराशी पुढे राहिली की मशीन चौकोनाऐवजी समांतरभुज चौकोन कापतं, आणि स्क्रीनवर सगळं ठीकच दिसतं. गुण्या लावून हे कळत नाही, गुण्याचा हात तेवढा लांब नसतो. म्हणून जुनी ३-४-५ ची युक्ती वापरली. मशीनलाच तीन बारीक भोकं पाडायला लावली: एक शून्यावर, एक आडवं ६०० वर, एक उभं ८०० वर. कर्ण १००० यायला हवा होता, आला ९९८.८. म्हणजे ८०० च्या लांबीत २ मिलिमीटरचा तिरकेपणा. माझ्या दोन रेलमध्ये ९०० चं अंतर आहे, त्या हिशेबाने गॅन्ट्रीची एक बाजू सव्वादोन मिलिमीटर सरकवायची होती. पहिल्यांदा सरकवली ती उलट्या बाजूला. कर्ण आणखी बिघडला, पण निदान दिशा कळली.

स्पिंडल, म्हणजे बिट (कापणारं पातं) फिरवणारी मोटर, ओळंब्यात आहे की नाही, हे टेबलावर अंथरलेल्या एमडीएफच्या फळीनेच सांगितलं. २५ मिलिमीटरच्या चपट्या बिटाने ती अर्धा मिलिमीटर सोलून काढली आणि नख फिरवलं. प्रत्येक पट्ट्याच्या कडेला नख अडकत होतं. डोळ्याला काही दिसत नव्हतं. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून स्पिंडलच्या पट्टीमागे एका बाजूला सरकवला, पुन्हा सोलली, पुन्हा नख. तिसऱ्या वेळी नख सरळ निघून गेलं. हे समाधान मला हाताने रंधा मारतानाही क्वचितच मिळालंय.

आणि मग सगळं जुळलंय असं वाटत असताना मशीन कामाच्या मध्येच थांबायला लागलं. लिमिट स्विच (सरकण्याच्या टोकाला बसवलेला, दाबला की मशीन थांबवणारा) दाबला गेल्याचा इशारा, आणि स्विचच्या आसपास काहीही नाही. कधी दोन मिनिटांत, कधी वीस. भाचा लॅपटॉपला दोष देत होता, मी सॉफ्टवेअरला. दोन दिवस आम्ही चुकीच्या ठिकाणी शोधत होतो, कारण तपासताना बिट हवेत फिरवायचो आणि स्पिंडल बंद ठेवायचो. तेव्हा ते तासभरही चालायचं. स्पिंडल चालू ठेवून हवेत फिरवलं तर सातव्या मिनिटाला थांबलं. स्पिंडलची केबल आणि स्विचच्या बारीक वायरी मी एकाच साखळीतून, अंगाला अंग लावून नेल्या होत्या, दिसायला नीटनेटकं म्हणून! व्हीएफडीमुळे, म्हणजे स्पिंडलचा वेग कमीजास्त करणाऱ्या डब्यामुळे, त्या केबलमधून जे काही उसळतं ते शेजारच्या वायरीत उतरत होतं आणि कंट्रोलरला वाटायचं स्विच दाबला. वायरी वेगळ्या वाटेने नेल्या, त्याही जाळीच्या आवरणाच्या, आणि आवरणाचं अर्थिंग एकाच टोकाला केलं. स्विचही एरवी वीज वाहत राहील आणि दाबल्यावर तुटेल अशा प्रकारावर फिरवले, म्हणजे वायर तुटली तरी मशीन चालत राहण्याऐवजी थांबतं. त्यानंतर खोटा इशारा आलेला नाही.

वेगाबद्दल एवढंच, की भीतीने हळू चालवू नका. ६ मिलिमीटरचं दोन धारांचं बिट, १८,००० फेरे आणि मिनिटाला ८०० मिलिमीटर अशी मी सुरुवात केली. फळीला करपल्याचा वास. हिशेब केला तर एकेक धार जेमतेम ०.०२ मिलिमीटर घेत होती, म्हणजे कापण्यापेक्षा घासणंच जास्त. फेरे १४,००० वर आणले, वेग २,४०० केला, तर पिठासारख्या भुशाऐवजी खरखरीत कण पडू लागले आणि बिटही गार राहिलं. भुशाची पिशवी मात्र रोज संध्याकाळी रिकामी करतो. करपणाऱ्या बिटाची ठिणगी त्यात जाऊन तासाभराने धुमसू शकते. मास्कही लावतोच, लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे हे प्रस्थापित आहे.

पहिलं काम साधं घेतलं, कप्प्यांच्या फळ्यांसाठी खाचा. १८ चं प्लाय म्हणून १८ च्या खाचा काढल्या, आणि फळ्या त्यात खडखडायला लागल्या. व्हर्नियर लावला तर प्लाय १७.६. मशीनने अगदी बरोबर कापलं होतं, चूक छापील मापावर विश्वास ठेवणाऱ्याची. दुसऱ्या जोडीला प्लाय मोजून खाच १७.७ ठेवली, फळ्या हाताने ठोकून बसल्या.

खाचेच्या बंद टोकाला कोपरे गोल राहतात, फिरतं बिट चौकोनी कोपरा काढूच शकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तिथे जास्तीचं अर्धगोल भोक पाडायची सोय आहे, पण दर्शनी भागावर मला ते आवडत नाही. "मामा, मग मशीन कशाला घेतलं?" असं भाच्याने विचारलं. मी त्याच्याकडे पटाशी सरकवली. सोळा कोपरे होते, आठ त्याने केले.