मोकळ्या वेळेचा व्यवसाय: आमची वाटचाल

‘मुलांना लिहायला शिकवणारी मंडळी’ अशी आमची ओळख लोक करून देतात. आमच्या माहितीपत्रकात मात्र हे वाक्य तुम्हाला सापडणार नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी आम्ही निवासी लेखन शिबिरं भरवतो आणि विकतो म्हणाल तर दोनच गोष्टी: सलग मोकळा वेळ आणि लिहिलेलं मन लावून वाचणारं माणूस.

सुरुवात दोघांची. माझी भागीदार संपादनातली, मी हिशेबातला. नमुना तयार होता. १९६८ मध्ये जॉन फेअरफॅक्स आणि जॉन मोट या दोन कवींनी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात तरुण मुलांचं असं शिबिर घेतलं आणि त्यातून आर्व्हन ही संस्था उभी राहिली. लहान गट, दोन लेखक मार्गदर्शक, आठवडाभर एकाच घरात मुक्काम, मध्यावर एक पाहुणा लेखक, स्वयंपाकही आळीपाळीने मुलांनीच करायचा. आम्ही हा साचा जवळजवळ तसाच उचलला.

सुट्टीच्या दिवशी वर्ग घेतले असते तर खर्च निम्म्याहून कमी आला असता. पण वर्गात मूल पहिला खर्डा लिहितं, घरी जातं आणि पुढच्या वेळी भलतंच काही घेऊन येतं. खरी मेहनत दुसऱ्या खर्ड्यात असते. एका मुलाने आजी गेल्याची गोष्ट लिहिली होती. ‘अश्रू अनावर झाले’, ‘काळाने घाला घातला’ असं सगळं तिच्यात होतं. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “आजीच्या कपाटात काय होतं रे?” दुसऱ्या दिवशी न्याहारीआधीच तो ताव घेऊन हजर. दोनच गोळ्या उरलेली औषधाची पट्टी, काडी तुटलेला चष्मा, त्याच्याच लहानपणीचा एक मोजा. रडण्याचा उल्लेख कुठेच नाही. हे रात्रीतून झालं, कारण रात्री तो तिथेच होता आणि त्याचा फोन आमच्याकडे जमा होता.

वेळापत्रकात दुपार कोरी असते. पालकांचा पहिला फोन तिच्यासाठीच येतो: “दुपारी काहीच नाही का?” नाही. दुपारी मुलं लिहितात, लोळतात, कंटाळतात आणि एकेक करून मार्गदर्शकांपाशी जाऊन बसतात. सुरुवातीला पालकांच्या समाधानासाठी तिथे व्याख्यान घाला, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. भागीदारीणबाई बधल्या नाहीत.

लेखनावर चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं, ही पद्धत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या, १९३६ मध्ये सुरू झालेल्या कार्यशाळेमुळे सगळीकडे रुजली. पंधरा वर्षांच्या पोराला ती फार जड जाते. म्हणून आमच्याकडे लेखक आधी दोन प्रश्न विचारतो आणि बाकीचे तेवढ्यापुरतंच बोलतात.

आता पैशांचं. घर आठवडाभरासाठी अख्खं घ्यावं लागतं. मुलं सोळा आली काय नि नऊ आली काय, भाडं तेच, मानधनही तेच. त्यामुळे आमच्या पदरात जे पडतं ते शेवटच्या चार प्रवेशांवर. एका शाळेने मोठ्या गटाचं बुकिंग ऐनवेळी रद्द केलं, तेव्हा ते शिबिर पदरमोड करून पार पाडलं. तेव्हापासून आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय जागा धरत नाही, मग मागणारा कितीही ओळखीचा असो. दोन जागा मात्र विनाशुल्क असतात. त्यांचा खर्च इतरांच्या फीत धरलेला असतो आणि तसं पावतीवर लिहिलेलंही असतं.

कागदपत्रांचा आमचा गठ्ठा जाडजूड आहे: संमतीपत्रं, औषधांच्या नोंदी, रात्रपाळीच्या ताईदादांची पडताळणी. मार्गदर्शक मुलाशी एकटं बोलतो ते उघड्या दाराच्या खोलीत. घरातली मारहाण किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार लिखाणात दिसला, तर आम्ही तो लपवून ठेवणार नाही, हे पहिल्याच संध्याकाळी मुलांना स्पष्ट सांगतो. बाकी वही मुलाची. त्याच्या होकाराशिवाय ती आई-वडिलांनाही दाखवत नाही, आणि यावरून खटके उडतात. समारोपाच्या पुस्तिकेतल्या मजकुराचा हक्कही मुलाचाच राहतो. लेखनहक्कांच्या (कॉपीराइट) आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार त्यासाठी कसली नोंदणी लागत नाही. छापायला परवानगी म्हणून मुलाची आणि पालकांची, दोघांचीही सही घेतो.

मध्यंतरी शाखा काढा, स्पर्धा ठेवा, क्रमांक द्या, असे प्रस्ताव आले. क्रमांक आले की मुलं परीक्षकाकडे बघून लिहायला लागतात, म्हणून नकार दिला. आता जुन्या शिबिरार्थींसाठी दरमहा ऑनलाइन अभिवाचन सुरू करतोय. त्याची फी ठेवावी की नाही, यावर आम्हा दोघांचं अजून जुळलेलं नाही. ती म्हणते फुकट. मी म्हणतो नाममात्र तरी हवी, नाहीतर चौथ्या महिन्यात पडद्यावर आम्ही दोघंच उरू.