कोरा उतार

शनिवार, रात्री साडेनऊ

दुपारपासून पडतोय तो अजून पडतोच आहे. तीन वाजता गॅलरीच्या कठड्यावर बोट टेकवलं तेव्हा पेरभर बर्फ होता. आता हात घातला तर मनगट बुडतं, आणि बुडताना हाताला काही लागतसुद्धा नाही. ओंजळभर घेऊन हळूच फुंकर मारली. ओंजळ रिकामी झाली.

बहिणीच्या काळ्या बाहीवर पडलेले कण आम्ही दोघी दिव्याखाली धरून बघत होतो. सहा हात, प्रत्येक हाताला फांद्या, फांद्यांना बारीक काटे. उणे १५ अंशांच्या आसपास ढगात पुरेसा ओलावा असला की असे फांद्यांचे तारे वाढतात. जपानमधल्या होक्काइदोत उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर पहिला हिमस्फटिक वाढवला, आणि कुठल्या तापमानाला, किती ओलाव्यात कुठला आकार येतो हे मांडून दाखवलं. हे तारे एकमेकांवर पडतात तेव्हा काट्यांत काटे अडकतात आणि मधे हवा कोंडून राहते. म्हणून घनमीटरभर पाणी हजार किलोचं, आणि असा थंड, ताजा बर्फ घनमीटरला जेमतेम ५० ते १०० किलो. बाकी सगळी हवाच. उद्या मला या हवेवर उभं राहायचंय.

तीन हिवाळे मी स्की करतेय, पण रात्री यंत्र फिरवून दाबलेल्या उतारांवर. तिथे आता भीती वाटत नाही. पावडरमध्ये, म्हणजे अशा न दाबलेल्या ताज्या बर्फात, गेल्या वर्षी दोन दिवस काढले आणि दोन्ही दिवस संध्याकाळी जिना उतरवेना, इतक्या मांड्या भरून आल्या. तेव्हा ज्यांच्याकडे शिकत होते त्यांनी एकच सांगितलं होतं: मागे रेल, टोकं वर राहू देत. मी रेलले. टोकं वर राहिली, पण वळता येईना. सगळा भार मागच्या टोकांवर गेल्यावर पुढच्या टोकांना दिशा कोण देणार? हे तेव्हा समजलं नाही. मला वाटलं माझ्यातच ताकद कमी आहे. एवढं एक चुकीचं वाक्य माणूस वर्षभर सोबत वागवतो, याचं आज वाईट वाटतंय.

रविवार

लिहायला हात उचलत नाहीये, पण आज लिहिलं नाही तर पायांना जे कळलं ते उद्यापर्यंत निसटेल.

पहिल्या दोन फेऱ्या जुन्या सवयीने गेल्या. दाबलेल्या उतारावर वळताना बाहेरच्या पायावर भार द्यायचा, स्कीची कड बर्फात रुतवायची. कड चावते आणि स्की त्याच क्षणी वळते. तीन वर्षं पायांनी हेच गिरवलंय. इथे बाहेरच्या पायावर भार दिला की तो पाय खाली जातो आणि आतला वरच तरंगतो. दोन पाय दोन मजल्यांवर. मग शरीर फिरतं आणि तोंड बर्फात.

बहीण खाली उभी राहून ओरडत होती, "ताई, दोन पाय आहेत हे विसर! एकच पाय आहे, रुंद!" वर जाताना लिफ्टच्या खुर्चीत बसल्यावर तिने माझे गुडघे हातांनी धरून जवळ आणले. पाय जवळ, दोन्हींवर सारखा भार. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली. मागे नाही, पुढेही नाही, पावलाच्या मधोमध. आणि वळण मारायचं नाही, सुरू करायचं आणि थांबायचं.

हे थांबणं मला दिवसभर छळत होतं. पावडरमध्ये तळ नसतो. स्कीखालचा बर्फ आधी दबतो, दबता दबता घट्ट होतो, त्याची पायाखाली एक पाटी तयार होते, आणि मग ती पाटी तुम्हाला वर ढकलते. या सगळ्याला क्षणभर लागतो. बर्फाचं उत्तर येतं, पण उशिरा येतं. मी तेवढा क्षण धीर धरत नव्हते. काही लागत नाही असं वाटलं की घाबरून खांदे फिरवायचे, टाच ढकलायची. तोवर खाली पाटी तयार होत असायची, ती मी स्वतःच मोडायची.

दुपारी दोनच्या सुमाराला पहिल्यांदा ते वर येणं जाणवलं. खाली, खाली, आणि मग पोटात हलकं होऊन दोन्ही पाय आपोआप वर. त्या हलक्या क्षणात वळणं फार सोपं असतं, कारण स्कीला अडवायला काहीच नसतं. एकच वळण तसं मिळालं. पुढच्याला घाई केली.

वेग हाही भाग आहे. हळू गेलं की स्की बुडते, बुडली की वळत नाही. भीती वाटली की वेग कमी करावासा वाटतो आणि नेमकं तेच इथे महाग पडतं. म्हणून बहिणीने फार तीव्र नाही, फार सपाट नाही असा उतार निवडला. सपाटीवर पावडर म्हणजे चिखलच.

स्की भाड्याच्या घेतल्या आहेत, मधल्या भागात १०५ मिलिमीटर रुंद. माझ्या नेहमीच्या ७२ च्या आहेत. यांची पुढची टोकं लवकर वर उचललेली, होडीच्या नाळेसारखी. हा आकार मोठ्या प्रमाणावर आला तो शेन मॅककाँकी या स्कीपटूमुळे. त्यांनी पाण्यावरच्या वॉटर स्कीवर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, बसवून चक्क बर्फावर उतरून पाहिलं होतं, कारण खोल बर्फ जमिनीपेक्षा पाण्याच्या जवळचा आहे हे त्यांना पटलं होतं. आज माझ्या पायांनाही पटलं.

आणि स्की हरवली. एका पडण्यात उजवी निसटली. मी खाली शोधत बसले, जिथे येऊन थांबले होते त्याच्याही खाली, कारण वस्तू उतारावरून खालीच जाणार असं मन म्हणतं. वीस मिनिटं हातांनी उकरलं. बोटं बधिर. बहीण कशीबशी चढून आली आणि म्हणाली, "वर बघ, ताई. तू पडलीस तिथून पुढे घरंगळलीस. स्की मागेच राहिली." तिने काठी आडवी धरून उतारावर वरच्या बाजूला सुरीने कापावं तशा रेघा ओढायला सुरुवात केली. चौथ्या रेघेला टक् असा आवाज आला. माझ्या डोक्याच्या दोन हात वर, कोपरभर खोल.

मग ती परत घालणं. बुटाच्या तळाला बर्फाचा गोळा घट्ट बसलेला असतो, तो राहिला तर बाइंडिंग बसतच नाही. काठीच्या टोकाने टाचेकडचा, मग बोटांकडचा खरवडायचा. पायाखाली आधी आडवी जागा तुडवून घ्यायची, नाहीतर बसवताना स्की आणखी खाली जाते. शेवटी तो टाचेचा खटका. त्या आवाजाने डोळ्यांत पाणी आलं. दमले होते.

सोमवार

पहाटे स्फोटांनी जाग आली. दूर कुठेतरी धप्प, मग डोंगरातून घुमणारा आवाज. गस्तीपथकाची माणसं अंधारात वर जाऊन धोक्याच्या उतारांवरचा बर्फ मुद्दाम पाडत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत यूटातल्या आल्टा इथे माँटी अॅटवॉटर यांनी स्फोटकं वापरून हिमस्खलन आवरण्याच्या पद्धती बसवल्या. आम्ही गादीत पडून ते आवाज ऐकतो आणि साडेआठला उतारावर मजा करतो, त्यामागे कुणीतरी पहाटे चार वाजता उठलेलं असतं.

आज कोरा बर्फ शोधायला शिकले.

नवीन काही पडलेलं नव्हतं. अकरापर्यंत लिफ्टखालचा सगळा उतार नांगरल्यासारखा झाला होता. मला वाटलं संपलं. बहिणीला तसं अजिबात वाटत नव्हतं. ती लिफ्टच्या खुर्चीत कधी समोर बघतच नाही. सतत बाजूला, मागे, झाडांच्या शेंड्यांकडे. वारा कुठून होता? खांबाच्या कुठल्या बाजूला बर्फ चिकटलाय? जिकडून वारा आला तिकडे बर्फ खरवडला गेला असणार, आणि डोंगराच्या कण्याच्या आडोशाच्या बाजूला तोच येऊन साठला असणार. आकाशातून वीतभर पडला असला तरी आडोशाला हातभर मिळू शकतो. तिथे रात्रीत जुने मागही भरून निघतात.

दुसरं म्हणजे लोकांची चाल. लिफ्टवरून उतरलं की माणूस जिकडे उतार दिसेल तिकडे वळतो, पहिला माग असेल त्याच्यामागे जातो. उंची न गमावता आडवं दोन-तीन मिनिटं सरकत जायला फार थोडे तयार होतात. शेवटी काठ्यांनी ढकलत, कधी पायऱ्या चढल्यासारखं बाजूने चढत जावं लागतं. तेवढ्या घामापलीकडे दुपारी एक वाजताही कोरे पट्टे पडून होते. दाबलेल्या उताराची कड, जिथे यंत्र पोचत नाही, तीही अशीच. दोन स्की मावतील एवढीच रुंदी, पण शिकायला पुरते. घट्ट जमीन हाताशी असते, भीती वाटली की एका वळणात बाहेर.

आणि दिशा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांना हिवाळ्यात ऊन फारसं लागत नाही, तिथे बर्फ दिवसचे दिवस कोरडा राहतो. दक्षिणेकडचा एका दुपारीत ओला होतो, रात्री त्यावर पापुद्रा धरतो.

हे सगळं ऐकताना मी हरखून गेले होते आणि धोक्याचा उतार बंद करणाऱ्या एका दोरीपाशी थांबले. दोरीपलीकडे वाडग्यासारखा खोलगट उतार होता, एकही माग नसलेला, निळसर सावलीतला. असा उतार मी आयुष्यात पाहिला नव्हता. दोन जण आमच्या डोळ्यांदेखत दोरीखालून वाकून गेले. माझेही पाय वळले होते, खोटं कशाला लिहू. बहीण काही बोलली नाही, फक्त कण्यावरून पुढे झुकलेली बर्फाची कमान काठीने दाखवली. ज्या वाऱ्याने तो वाडगा इतका भरगच्च भरला, त्यानेच तिथे लादीसारखा थर रचलेला असतो, खालच्या थराला नीट न चिकटलेला. उतार ३० ते ४५ अंशांचा असला की अशी लादी सुटायला एक माणूस पुरतो. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने कोसळते. आमच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर चालणारे ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा ठाव देणारी रेडिओ यंत्रं, होते, पाठीवर फावडं आणि शोधकाठी होती. पण ती गाडलं गेल्यानंतर कामी येणारी साधनं आहेत. गाडलं जाणं ती थांबवत नाहीत.

आम्ही वळलो. ते दोघे सुखरूप खाली गेलेले दिसले, हेही लिहून ठेवते. मला तरीही वाटतं की ते चुकले.

झाडांतही मोठ्या झाडांच्या बुंध्यापासून लांब राहायचं. खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ पोकळ राहतो. डोकं खाली करून त्यात पडलं तर एकट्याने निघता येत नाही. म्हणून आम्ही दोघी थोड्या थोड्या अंतराने एकमेकींना हाक मारत उतरतो. ती "ताई!" म्हणते, मी "ओ!" देते. जंगलात दुसरा आवाज नसतो.

मंगळवार

ऊन. पापुद्रा. पाय दुखताहेत. दोन फेऱ्या करून परत.

बुधवार

रात्री पुन्हा वारा सुटला होता. मला जाग आली ती खिडकीच्या थरथरीने, आणि पहिला विचार आला: वायव्येचा आहे का? सकाळी बहिणीच्या आधी मीच म्हटलं, "कण्याच्या पलीकडे, झाडांमधली ती मोकळी जागा. परवाचे माग भरले असतील." तिने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

वरची लिफ्ट साडेदहापर्यंत उघडली नाही. गर्दी कंटाळून खाली गेली. आम्ही थांबलो. गस्तीवाल्याने दोरी काढली तेव्हा रांगेत बारा-पंधरा जण असतील, आणि त्यातले बहुतेक सरळ खाली गेले.

मोकळ्या जागेच्या वरच्या काठावर उभं राहून मी काठी उलटी करून मुठीकडून आत ढकलली. सगळीकडे सारखाच विरोध, वरून खाली हळूहळू वाढणारा. मधे कुठे पोकळी नाही, कडक थर नाही. परवाचे माग नुसत्या सुरकुत्यांसारखे उरले होते.

नजर झाडांवर नाही, झाडांमधल्या जागेवर. पहिल्या वळणाला पाय खाली गेले आणि मी काहीच केलं नाही. थांबले. पाटी आली. वर. काठी टेकली, वळले, खाली, थांबले, वर. तिसऱ्या वळणानंतर मोजणं बंद झालं. बर्फ छातीपर्यंत उडून गॉगलवर येत होता, एक क्षण दिसेनासं व्हायचं आणि वर आलं की पुन्हा दिसायचं. आवाज नव्हता. दाबलेल्या उतारावर कड सतत खरखरते. तो आवाज थांबल्यावर मला माझा श्वास ऐकू आला, वळणाबरोबर आत, वळणाबरोबर बाहेर. मांड्या दुखत नव्हत्या. खाली पोचेपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मागून बहीण आली. बराच वेळ आम्ही दोघी हातमोजे हातात घेऊन उभ्या होतो. बोलायचं होतं, पण आधी श्वास यायला हवा होता.

तेवढ्यात आमच्या रेघांच्या डावीकडे उरलेल्या पट्ट्यातून एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा उतरला. पाय लांब, अंग मागे. आमच्यापासून दहा पावलांवर पडला, उठला तेव्हा एकच स्की. वाकून पायाखाली उकरायला लागला, मग आणखी खाली. त्याची आई बरीच वर होती, हाका मारत येत होती. मी स्की काढल्या, कमरेएवढ्या बर्फातून त्याच्यापर्यंत गेले आणि काठी आडवी धरून वरच्या बाजूला पहिली रेघ ओढली.

"इथे नाही, वर," मी हातानेच दाखवलं. त्याने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. तिसऱ्या की चौथ्या रेघेला त्याच्याच काठीखाली टक् वाजलं.