जे बेअरिंग कधी सरकलेच नाही

तीन गाळ्यांच्या एका प्रीस्ट्रेस्ड बॉक्स गर्डर पुलाच्या पिअरला, म्हणजे मधल्या खांबाला, भेगा पडल्या आहेत, बेअरिंग, म्हणजे खांब आणि पूल यांच्यामधला हालचाल करू देणारा आधार, बदलण्याचे जवळजवळ ठरलेले आहे, तेव्हा नवे बेअरिंग कोणत्या प्रकारचे असावे एवढेच सांगा, अशा शब्दांत ते काम माझ्याकडे आले. सोबत तुलनेचा तक्ता होता. रोलर-रॉकर, इलॅस्टोमेरिक, पॉट-टेफ्लॉन आणि स्फेरिकल अशा चार प्रकारांसमोर प्रत्येकी किती भार, किती सरक, किती वळण, किती आयुष्य आणि किती किंमत याचे रकाने भरलेले होते. आकड्यांत चूक नव्हती, आणि तरीही त्या तक्त्याविषयी माझ्या मनात जी अढी बसली ती आजही गेलेली नाही. भेग पिअरला पडली होती. बेअरिंगला काय झाले आहे हे कोणीही पाहिलेले नव्हते.

पुलाची रचना साधी होती. 40, 55 आणि 40 मीटरचे गाळे, वर सलग बॉक्स गर्डर (पेटीसारखी पोकळ काँक्रीटची तुळई, आतल्या केबल ताणून प्रीस्ट्रेस्ड केलेली), आणि पी-वन या पिअरवर तो जागच्या जागी धरलेला. पी-टू या दुसऱ्या पिअरवर आणि दोन्ही अबटमेंटवर, म्हणजे टोकांच्या आधारांवर, तो सरकता ठेवलेला. सर्वत्र पॉट बेअरिंग (पोलादी भांड्यात बसवलेली रबराची चकती), सरकत्या ठिकाणी वर टेफ्लॉन आणि आरशासारखे घासलेले स्टेनलेस स्टील. पी-टूवरच्या दोन बेअरिंगवर प्रत्येकी सुमारे 400 टन भार.

पूल लांबीत सतत कमी-जास्त होत असतो, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या 10 लाखांत सुमारे 12 भाग वाढते किंवा आखडते. पी-वन ते पी-टू या 55 मीटरमध्ये 40 अंशांच्या फरकाला हे 26 मिलिमीटर होतात. त्याखेरीज प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट वाळताना आणि केबलच्या ताणाखाली दबून वर्षानुवर्षे आखूड होत जाते, आणि ही आखूड होण्याची क्रिया उलटत नाही. म्हणून सरकत्या बेअरिंगची वरची प्लेट बसवतानाच मुद्दाम एका बाजूला सरकवून ठेवतात, म्हणजे गर्डर आखडत गेला की ती मध्यावर येते. पी-टूवर ही आगाऊ सरक 25 मिलिमीटर दिलेली होती.

भेगा आडव्या होत्या, पी-टूच्या पायथ्यापासून पहिल्या दोन मीटरांत, आणि केवळ पी-वनकडे पाठ केलेल्या अंगावर. आधीच्या अहवालात त्यांची लांबी-रुंदी काळजीपूर्वक मोजलेली होती, पण त्या एकाच बाजूला का, हा प्रश्न विचारलेला नव्हता. भेगांचा अहवाल लिहिताना दिशेकडे दुर्लक्ष करण्याची ही सवय मला फार खटकते. दोन्ही अंगांवर भेगा असत्या तर मी पायाकडे किंवा सळईकडे पाहिले असते. एकाच अंगावर आडव्या भेगा याचा अर्थ 14 मीटर उंचीच्या त्या पिअरचा माथा कोणीतरी पी-वनकडे ओढून धरला आहे. टोटल स्टेशन या मोजणीच्या उपकरणाने पाहिले तेव्हा माथा खरोखरच 34 मिलिमीटर झुकलेला निघाला. ओढणारा गर्डर होता हे उघड होते. बेअरिंग सरकत असते तर ती ओढ पिअरपर्यंत पोहोचलीच नसती.

पुलाखालून तपासणी करणाऱ्या यंत्राच्या पाळण्यातून मी पिअर कॅपच्या, म्हणजे पिअरच्या रुंद माथ्याच्या, पातळीला पोहोचले तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो रंग. बेअरिंगला करडा इपॉक्सी रंग नीट, एकसंध दिलेला होता, आणि वरची प्लेट व खालचा पॉट यांच्यामधल्या सांध्यावरूनही तो अखंड गेलेला होता. जिथे एक पृष्ठभाग दुसऱ्यावर सात-आठ वर्षे सरकतो तिथे रंगाचा थर टिकूच शकत नाही; पहिल्या काही दिवसांतच तो केसाएवढ्या रेषेने फाटतो आणि पुढे त्याचे पापुद्रे निघतात. इथे नख फिरवले तरी रेष लागत नव्हती. बाजूच्या मोजपट्टीवरचा काटा 25 या आकड्यावर होता, म्हणजे बसवला त्या दिवशी जिथे होता तिथेच. आणि प्रत्येक बेअरिंगच्या चार कोपऱ्यांवर, त्याच करड्या रंगाखाली, वरची प्लेट आणि पॉट यांना एकमेकांशी घट्ट बांधणाऱ्या पट्ट्या बोल्टसह जशाच्या तशा होत्या.

त्या पट्ट्या म्हणजे ट्रान्झिट क्लॅम्प. कारखान्यातून निघाल्यापासून जागेवर बसेपर्यंत बेअरिंगचे भाग एकमेकांवरून हलू नयेत एवढ्याचसाठी त्या असतात. बेअरिंगखाली ओतलेले ग्राउट (सिमेंटचा मसाला) घट्ट झाले, की गर्डरच्या केबल ताणण्याआधी त्या काढून टाकायच्या असतात. पुष्कळ कारखाने त्यांना मुद्दाम पिवळा किंवा लाल रंग देतात. इथेही खाली पिवळा होता. तो करड्याच्या एका टवक्याखाली दिसला. ज्या रंगाऱ्याने वरून करडा मारला त्याला मी दोष देत नाही. त्याला बेअरिंग रंगवायला सांगितले होते आणि त्याने ते उत्तम रंगवले. पण त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीच्या नमुन्यात 'बेअरिंग : सुस्थितीत' असे लिहिले गेले, आणि ते लिहिणाऱ्यांनी बेअरिंग पाहिले होते की फक्त त्याचा रंग पाहिला होता, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

क्लॅम्प सापडल्यावर झालेल्या बैठकीत मला वाटले होते की बेअरिंग बदलण्याचा विषय बाजूला पडेल. तसे झाले नाही. मंजुरी बदलण्यासाठी मिळालेली होती, आणि चर्चा पुन्हा तक्त्यावर आली. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की पॉटमध्ये भानगडी फार, सरळ इलॅस्टोमेरिक पॅड घाला. दुसऱ्याला वाटीसारख्या गोल पृष्ठभागावर वळणारे स्फेरिकल हवे होते, कारण त्यात रबरच नाही आणि वळण अधिक मिळते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच मी त्यावर इतके दिवस विचार करत राहिले.

इलॅस्टोमेरिक पॅडमध्ये रबराचे थर आणि पोलादी पत्रे एकजीव केलेले असतात. पत्र्यांमुळे रबर भाराखाली बाजूला फुगत नाही, पण आडवे मात्र सहज कलते. त्यात सरकणारा पृष्ठभाग नाही, वंगण नाही, क्लॅम्प नाहीत. 400 टनांसाठी साधारण 600 बाय 700 मिलिमीटरचा पॅड लागला असता आणि 40 मिलिमीटरच्या हालचालीसाठी त्यात 60 मिलिमीटर रबर. रबराचा कातर गुणांक (आडवे कलायला तो किती विरोध करतो याचे माप) 1 मेगापास्कल धरला तर अशा पॅडमधून पिअरवर सुमारे 28 टनांचे आडवे बल येते. पिअर स्वतःही थोडा लवतो, त्यामुळे प्रत्यक्षात ते याहून कमी भरते. टेफ्लॉनचे घर्षण भाराच्या 3 ते 5 टक्के धरतात, म्हणजे 12 ते 20 टन. कागदावर टेफ्लॉन सरस ठरते. पण पॅडचे 28 टन हे त्याचे नेहमीचे वागणे आहे, आणि टेफ्लॉनचे 12 टन हे सगळे काही यथासांग झाले तरच मिळणारे. ओळंबा धरला की पॅड किती कलला आहे ते खालून मोजता येते. फुगवटा, चिरा, उघडा पडलेला पत्रा, सगळे डोळ्यांना दिसते. पॉटमध्ये रबराची चकती पोलादी भांड्यात कोंडलेली असते. ती दाबाखाली जवळजवळ द्रवासारखी वागते म्हणूनच एवढ्या लहान जागेत एवढा भार पेलते, आणि नेमकी तीच बाहेरून कधीही दिसत नाही.

तरी पॅड म्हणजे निर्धास्तपणा, हेही मला मान्य नाही. नैसर्गिक रबराला ओझोनपासून वाचवण्यासाठी त्यात मेण मिसळतात. ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पॅड निसरडा झाल्याची आणि ऋतूगणिक आपल्या जागेवरून सरकत गेल्याची उदाहरणे आहेत. पोलादी पायांवर पुढेमागे झुलणारे जुने रॉकर तर सगळ्यांत उघडे, दुरूनही कलते दिसणारे. तरी 2008 मध्ये पिट्सबर्गच्या बर्मिंगहॅम पुलावर ते कलंडले आणि गाळा सुमारे 20 सेंटिमीटर खाली बसला. दिसणे आणि पाहिले जाणे या दोन गोष्टींतले अंतर त्या प्रकारच्या बेअरिंगनेही भरून काढलेले नाही. आणि स्फेरिकल? त्यालाही सरकायला तेच टेफ्लॉन किंवा त्याचा सुधारित भाऊबंद लागतो आणि वाहतुकीसाठी त्यालाही क्लॅम्प असतातच. पी-टूवर त्याच काळात स्फेरिकल बसवले असते तर तेही आज बांधलेलेच सापडले असते.

क्लॅम्प काढण्याचे काम ऐकायला सोपे वाटते. पण त्या आठ पट्ट्यांमध्ये वाकलेल्या पिअरचा सगळा ताण साठलेला होता. बोल्ट सैल करताच तो एका झटक्यात सुटला असता आणि पाळण्यातल्या माणसाचा हात तिथेच असता. जॅकिंगच्या कामासाठी आम्ही एरवी पहाट निवडतो, कारण तेव्हा तापमान स्थिर असते. या वेळी मी उलट आग्रह धरला, उन्हाळ्यातली उतरती दुपार. गर्डर तापून लांब झाला की पिअरवरची ओढ आपोआप कमी होते, आणि जाड काँक्रीटचे सरासरी तापमान हवेच्या मागे काही तास रेंगाळते, म्हणून ते दुपारी बारापेक्षा संध्याकाळच्या सुमारास अधिक असते. नियोजनात ही वेळ लिहिली तेव्हा ती टंकलेखनाची चूक समजून कोणीतरी 'सकाळी' अशी दुरुस्ती केली होती. मी ती पुन्हा बदलून घेतली.

पिअर कॅप आणि गर्डर यांच्यामध्ये आडवे बार टाकून पोकळ जॅकने ओढ आधी आमच्या ताब्यात घेतली. बेअरिंगशेजारी उभे जॅक, त्यांच्याखाली वंगण लावलेल्या टेफ्लॉनच्या प्लेट. सलग गर्डर एका आधारावर उचलला की शेजारच्या गाळ्यांत नवे ताण येतात, म्हणून उचल 6 मिलिमीटरच्या पुढे नेली नाही, आणि दोन्ही बाजू बरोबरीने चढत आहेत ना हे डायल गेजवर प्रत्येक टप्प्याला तपासले. मग बोल्ट काढले. दोन सरळ निघाले, बाकीचे वाकलेले, आणि पट्ट्यांतली भोके लांबट झालेली. आडव्या जॅकचा दाब थोडा थोडा उतरवत गेलो तसा पिअरचा माथा परत फिरू लागला. खाली भेगेवर बसवलेल्या गेजजवळ उभा असलेला तरुण अभियंता आकडे सांगत होता, आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा लहान येत होता. 34 पैकी 21 मिलिमीटर परत आले. उरलेले काही प्लेटच्या घर्षणात अडकलेले, आणि काही त्या वाकलेल्या अवस्थेत पिअरच्या काँक्रीटनेच कायमचे स्वीकारलेले, असे मी मानते.

त्या 6 मिलिमीटरच्या फटीतून बोरोस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) घालून आत पाहिले. टेफ्लॉनच्या खळ्यांमध्ये सिलिकॉन ग्रीस काठोकाठ होते, स्टेनलेसवर ओरखडा नव्हता, भांड्यातल्या रबरावर बसणाऱ्या पिस्टनच्या कडेने रबर बाहेर आलेले नव्हते. आडवे बल क्लॅम्पमधून परस्पर गेल्यामुळे बेअरिंगच्या आतल्या भागांना ते शिवलेही नव्हते. जे बदलण्यासाठी मंजुरी घेतली होती ते नव्यासारखे होते, आणि ज्याला इजा झाली होती तो पिअर बदलता येण्यासारखा नव्हता. वरची प्लेट योग्य जागी घेऊन आम्ही तीच बेअरिंग पुन्हा भाराखाली आणली, आणि भेगांत इपॉक्सी भरण्याचे काम पुढच्या टप्प्यासाठी ठेवले.

त्यानंतर दोन्ही अबटमेंटवरची बेअरिंग पाहिली. तिथले सगळे क्लॅम्प काढलेले होते. भोकांत गंज धरू नये म्हणून ग्रीसही भरलेले. काटे आपल्या सुरुवातीच्या खुणांवरून पुढे गेलेले. म्हणजे त्याच पुलावर, त्याच काळात काम करणाऱ्यांना क्लॅम्प काढायचे असतात हे नीट ठाऊक होते. मग पी-टूवर काय झाले, याचे उत्तर मला जॅकिंगच्या फोरमनकडून मिळाले. साहित्य उतरवून घेताना तो सहज म्हणाला, "मॅडम, अबटमेंटवर माणूस उभा राहतो. इथं पाळणा नसता तर आपणही कुठं उभे राहिलो असतो?" जुनी कार्यनोंदवही काढून पाहिली तेव्हा त्यात एवढेच होते, की काँक्रीटची ताकद आल्याबरोबर पी-टूभोवतीची परांची पुढच्या गाळ्यासाठी हलवली. केबल ताणल्याची नोंद त्यानंतरची आहे. मधल्या दिवसांत कोणाला तिथे पोहोचायचे असते तर ते कसे पोहोचले असते, याविषयी वहीत काही नाही, कारण तसा खर्चच कोठे धरलेला नव्हता.

माझ्या अहवालात मी तक्त्याला दोन रकाने जोडले. बसवल्यानंतर या प्रकारात हाताने काय काय करावे लागते, आणि ते करणारा माणूस कोठे उभा राहणार. पी-टूसाठी बेअरिंगचा प्रकार सुचवण्याऐवजी पिअर कॅपभोवती कायमची पोलादी फिरती वाट आणि शिडी सुचवली, आणि पुढच्या कामांत क्लॅम्प मोजून परत घेतल्याशिवाय बेअरिंगचे देयक पूर्ण देऊ नये अशी अट लिहिली. देयकाची अट मान्य झाली. फिरती वाट मूळ मंजुरीत बसत नाही म्हणून वगळली गेली, आणि बेअरिंग बदलण्याची तरतूद मात्र अजून तशीच आहे. ती रक्कम वाटेकडे वळवावी असे पत्र मी बोरोस्कोपची छायाचित्रे जोडून पुन्हा पाठवले आहे.