चंचीची गाठ

सांगलीतल्या एका केमो डे-केअरमध्ये मी नर्स आहे. पेशंटचा हात हातात घ्यायचा तो शीर शोधायला, इतकंच मला माहीत होतं. तासगाव तालुक्यातल्या एका आज्जींनी ते बदललं.

वय 74. अंडाशयाचा कॅन्सर, पोटात पाणी झालेलं. मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, आईचं वय झालंय, एकच हलकं औषध द्या." असं बऱ्याच घरांतून ऐकू येतं आणि ते मायेपोटीच असतं. डॉक्टरांनी आज्जींना खुर्चीतून उठून चालायला लावलं, किडनी आणि पोषणाचा अंदाज देणारं रक्तातलं क्रिएटिनिन-अल्ब्युमिन बघितलं, घरातलं काय काय स्वतः करता ते विचारलं. मग मुलाला समजावलं. सत्तरीपुढच्या नाजूक तब्येतीच्या 120 बायकांचा एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात कार्बोप्लॅटिन हे केमोचं एकच औषध मिळालेल्या बायका, जोडीला पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध मिळालेल्यांपेक्षा कमी जगल्या. दर तीन आठवड्यांनी दोन्ही औषधं सुरू झाली. तीन केमोनंतर ऑपरेशनही पार पडलं.

पाचव्या केमोचा दिवस. केमोआधी अ‍ॅलर्जी टाळायला देतात ती अ‍ॅव्हिल, डेक्साची इंजेक्शनं देऊन झाली होती. "आज्जी, हातापायाला मुंग्या येतात का?" "न्हाई बाई." मागच्या वेळेसारखंच 'नाही' लिहायला मी पेन टेकवलं, तेवढ्यात त्यांनी सुनेला चहाचे पैसे द्यायला चंची काढली. नाडीची गाठ सुटेना. अंगठा नि बोट नुसतं घसरत होतं. शेवटी त्यांनी दातानं गाठ ओढली. एक नाणं मांडीवरून खाली पडलं, त्यांना कळलंसुद्धा नाही. जन्मभर कात्रीनं द्राक्षाची विरळणी केलेली बाई ती!

मी हात उलटा करून पाहिला. तर्जनीवर भाजल्याचा फोड, वर हळद लावलेली.

"आज्जी, हे कधी झालं?"

बऱ्याच वेळानं बोलल्या, "तव्याचा चटका कळलाच न्हाई. बोटं बधिर झाल्यात. सांगिटलं तर अवशिद बंद करशीला म्हून गप बसले."

मी पॅक्लिटॅक्सेल जोडलंच नाही, आधी डॉक्टरांना बोलावलं. नसांना त्रास मुख्यतः त्याच औषधानं होतो, म्हणून त्याचा डोस कमी केला. कार्बोप्लॅटिन तसंच ठेवलं. औषध बंद झालेलं नाही, हे आज्जींना तीनदा सांगावं लागलं. सुनेला सांगितलं, चुलीपाशी त्यांना एकटं सोडू नका, पायात चप्पल असू द्या.

आता मी मुंग्यांचं विचारून थांबत नाही. ब्लाउजचं हूक लावायला सांगते, पिशवीची गाठ सोडायला सांगते आणि बोटांकडे बघत राहते.

सहाव्या केमोला आज्जींनी बसल्या बसल्या चंची माझ्यापुढं धरली. "पोरी, तूच सोड गं."