साक्ष द्यायला सांगितलंय

चर्चच्या पाळकसाहेबांचा मेसेज आला, स्कॅन क्लिअर आलाय ना, मग या रविवारी उपासनेत साक्ष दे. मी हो म्हणून मोकळी झाले आणि आता चार दिवस वही उघडून बसतेय, एक ओळ लिहून होत नाहीये.

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, आणि तिचा एक ठरलेला साचा असतो, चर्चमध्ये वाढलेल्यांना माहितीये. आधी अंधार, मग प्रार्थना, मग चमत्कार, मग हालेलुया. कागदावर बघितलं तर माझं झालंही तसंच. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, दर 21 दिवसांनी एक अशा सहा केमो, शेवटी क्लिअर स्कॅन. पण बाजूच्या बेडवर एक ताई असायची, तिला हाच आजार, आमच्या तारखा पण एकच. ते लाल औषध शिरेत जायला लागलं की म्हणायची, डोळे मिट, हे प्रभूचं रक्त समज. मला हसू यायचं, कारण घरी गेल्यावर लघवी पण लाल व्हायची! प्रार्थना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त करायची ती, मला पण तिनेच करायला लावली. चौथ्या केमोनंतर ती गेली.

आता मी माईकसमोर उभी राहून "देवाने माझी प्रार्थना ऐकली" म्हणाले आणि ते तिच्या मुलाच्या कानावर गेलं, तर त्याने काय समजायचं?

केमोसोबत पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या असायच्या, त्यांनी झोप पार उडायची. रात्री अडीचला टक्क जागी. तेव्हा बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचायला घेतलं. संडे स्कूलमध्ये ईयोब म्हणजे सहनशील माणूस, सगळं गेलं तरी देवाचं नाव धन्य म्हणणारा, एवढंच शिकवलेलं. ते पहिल्या दोन अध्यायांत आहे हो, पण तिसऱ्यात तो स्वतःच्या जन्मदिवसालाच शाप देतो आणि तिथून पुढे नुसती वादावादी, मित्र म्हणतात तुझंच काहीतरी पाप असणार, हा म्हणतो देवालाच समोर बोलवा. 38 व्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो खरा, पण "का" याबद्दल एक अक्षर नाही, उलट विचारतो मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास. पहिल्यांदा वाचून मी चिडून पुस्तक मिटलं. हे काय उत्तर झालं? मग दोन दिवसांनी शेवटचा, 42 वा अध्याय वाचला तर देव चिडलाय मित्रांवर, जे इतका वेळ देवाचीच बाजू घेत होते, आणि म्हणतो माझ्याबद्दल नीट बोलला तो ईयोब.

त्या मित्रांनी एकच काम चांगलं केलं, सुरुवातीला सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडलं तिथे बिघडलं. मलाही भेटले असे. पाप कबूल कर, विश्वास कमी पडतोय तुझा, देव काहीतरी शिकवतोय. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायात येशूचे शिष्य पण जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशू म्हणतो दोघांचंही नाही. तेवढं छापून दारावर लावावंसं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली यायच्या, कोणाला भेटायचं नाही. चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी मास्क लावून दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. एकदा म्हटलं, मावशी प्रार्थना करा ना. म्हणाल्या, "आज मलाच शब्द नाहीत गं, नुसती बसते." तासभर बसल्या. पूर्ण आजारपणात देव जवळ आहे असं खरंच कधी वाटलं असेल तर त्या तासात.

देवाने मला शिकवायला गाठ पाठवली असं मी मानत नाही, काय शिकलीस विचारणाऱ्यांना तेच सांगते. मग विश्वास का ठेवतेस, हा पुढचा प्रश्न. ठेवते कारण वधस्तंभावर येशूनेही "का" असंच विचारलं, बायबलमधल्या 22 व्या स्तोत्राची पहिलीच ओळ, आणि त्यालाही वरून उत्तर आलं नाही. ज्याला हा प्रश्न पडलाच नाही अशा देवाशी मला रात्री अडीच वाजता बोलता आलं नसतं.

तर रविवारी मी 88 वं स्तोत्र वाचणार आहे. बाकीची दुःखाची स्तोत्रं बहुतेक शेवटी वळतात, आशेकडे येतात, हे येत नाही, अंधारातच संपतं. ते वाचून ताईचं नाव घेणार आणि खाली बसणार.

पाळकसाहेबांना अजून सांगितलेलं नाही.