मराठी चार की इंग्रजी आठ? बाबांचं रिव्हॉल्वर नावावर करताना

बाबांचं रिव्हॉल्वर माझ्या नावावर व्हायला सतरा महिने लागले. त्यातले नऊ महिने एका आकड्यात गेले. तो आकडा चार आहे की आठ, एवढाच प्रश्न होता. आणि ते रिव्हॉल्वर सगळा वेळ पोलीस ठाण्याच्या कपाटात, अंगावर स्वच्छ चार कोरलेला घेऊन पडून होतं. कपाट उघडून बघायला कुणी तयार नव्हतं.

बाबा नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले. त्यांच्याकडे .३२ बोअरचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर होतं. १९९८ मध्ये घेतलेलं. तेव्हा आम्ही तालुक्याला राहायचो आणि ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल बाबा रोखीनं वाटायचे. पुढे शहरात आलो आणि परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून शहराच्या पोलीस आयुक्तालयाकडे वर्ग झाला. हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी गोम त्यात आहे.

परवाना माणसाचा असतो, हत्याराचा नसतो. माणूस गेला की घरातलं हत्यार बिनपरवाना. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मामा म्हणाला, ‘‘असू दे गं कपाटात, वर्षश्राद्ध झाल्यावर बघू.’’ असल्या मामांचं ऐकू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना हत्याराला कमीत कमी दोन वर्षांची शिक्षा आहे. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी जमा करून आले. ठाणे अंमलदारांनी पावती लिहिली: ‘रिव्हॉल्वर एक, जुने वापरते, काडतुसे १७ नग’. नंबर त्यांनी बाबांच्या परवान्याच्या पुस्तकातून उतरवला. हत्यार उलटून पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. तेव्हा डोळ्यांसमोर काही दिसतच नव्हतं.

खरं तर मला ते नको होतं. विकून टाकायचं असंच ठरलं होतं. मग परवाना शाखेत पहिल्याच दिवशी, चौकशीच्या खिडकीवर विचारलं गेलं, ‘‘भाऊ नाही का तुम्हाला?’’ तिथं ठरलं. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ वारसांसाठी आहे. त्यात मुलगा आहे, तशी मुलगी आहे, सूनही आहे, जावईही आहे. भाऊ आहे मला, आणि त्याची लेखी संमती मी चार दिवसांत आणून दिली. आईची त्याच्या आधी.

कागदपत्रांत फारसा त्रास झाला नाही. अर्ज नमुना ए-१ मध्ये. एस-३ हा वैद्यकीय दाखला, शारीरिक आणि मानसिक दोन्ही. पहिल्या डॉक्टरांनी ‘रिव्हॉल्वर’ शब्द ऐकताच पेन खाली ठेवलं, दुसऱ्यांनी नीट तपासून दिला. एस-१ हे हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ते रायफल क्लबात मिळालं. बोट चापावर ठेवायचं नाही, हत्यार रिकामं आहे असं कधी धरून चालायचं नाही, हे तिथं इतक्या वेळा घोकून घेतात की मी घरी टीव्हीचा रिमोटही तसाच धरायला लागले. शेवटच्या दिवशी दहापैकी आठ गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या. विषयाशी याचा संबंध नाही, पण सांगायचं होतं.

अर्ज जानेवारी २०२४ मध्ये दाखल झाला. ठाण्याकडून अहवाल यायला नियमात तीस दिवस आहेत. मग १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात नवे परवाने देत नाहीत, आणि ठाण्यातली माणसं बंदोबस्तात नाहीतर लोकांची हत्यारं जमा करून घेण्यात. यावर मी चिडले नाही. निवडणूक काही माझ्यासाठी लावलेली नव्हती. जूनअखेर ठाण्यातल्या गोपनीय शाखेचे हवालदार घरी आले, माझा जबाब घेतला, शेजारच्या दोघांना विचारलं, चहा घेतला. जुलैत अहवाल ठाण्यातून सहायक आयुक्तांकडे, तिथून उपायुक्तांकडे आणि तिथून परवाना शाखेत गेला. निरंक. एकही शेरा नाही. मी पेढे आणायच्या बेतात होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परवाना शाखेतल्या भाऊसाहेबांचा फोन आला. ‘‘मॅडम, नंबर जुळत नाही.’’

झालं होतं असं. १९९८ मध्ये कुणीतरी बाबांच्या पुस्तकात हत्याराचा नंबर हातानं लिहिला. सगळा इंग्रजीत, आणि मधेच हाताच्या सवयीनं एक मराठी चार. मराठी चार म्हणजे काय, वरून जरा उघडा राहिलेला इंग्रजी आठच. लिहिणाऱ्यानं तो आणखी जवळ आणून ठेवला होता. पुढे देशभरातल्या परवान्यांची माहिती संगणकावर चढवली गेली आणि प्रत्येकाला यूआयएन म्हणजे ओळख क्रमांक मिळाला, तेव्हा चढवणाऱ्यानं त्या चारचा आठ केला. यूआयएन नसेल तर परवानाच रद्द धरणार म्हटल्यावर बाबांनी धावपळ करून तो मिळवला आणि त्याची स्लिप लॅमिनेट करून ठेवली. स्लिपवर आठ आहे. वर्षानुवर्षं आमच्या घरात एक चूक लॅमिनेट होऊन पडली होती.

म्हणजे पावतीवर चार, संगणकात आठ, पुस्तकात वाचणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे.

मी म्हणाले, ‘‘हत्यार तुमच्याच ठाण्यात आहे, बघून घ्या.’’

‘‘तसं नाही होत मॅडम. आम्हाला रेकॉर्डला जावं लागतं.’’

‘‘मग रेकॉर्ड दुरुस्त करा.’’

‘‘डेटा कलेक्टर ऑफिसकडून आलाय. दुरुस्ती त्यांनी करायची.’’

जिल्हाधिकारी कार्यालय साठ किलोमीटर. गेले. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं, मान हलवली. परवाना शहराकडे वर्ग झालाय, आता त्यांच्या लॉगिनला तो उघडत नाही, दुरुस्ती शहरानंच करायची. मी म्हणाले, तसं लिहून द्या. त्या म्हणाल्या, शहराकडून पत्र येऊ दे, मग उत्तर देऊ. परत आले. शहरात म्हणाले, आम्ही पत्र पाठवू. दोन आठवड्यांनी विचारलं, ‘पाठवलंय.’ पुन्हा साठ किलोमीटर. तिथं आवक रजिस्टर माझ्यासमोर उलटून पाहिलं, पत्र नाही. परत शहरात. ‘पोस्टात असेल.’

हे सप्टेंबरभर चाललं. मधे एका वकील मैत्रिणीला विचारलं की शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करू का. तिनं एक गोष्ट समजावली जी मला आधीच कळायला हवी होती. अपील आदेशाविरुद्ध होतं. परवाना नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मग वर जाता येतं. पण कुणी नाकारतच नसेल, नुसतं ‘त्रुटी आहे, पूर्तता करा’ म्हणत असेल, तर तुमच्या हातात आदेशच नाही. नकारापेक्षा त्रुटी वाईट. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. बाबा गेल्यावर न रडलेलं सगळं त्या त्रुटीच्या पत्रावर निघालं.

कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटायचे. ‘ताई, एका आठवड्यात करून देतो.’ दोनदा मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांची मदत घेतली नाही ती तत्त्वामुळे कमी आणि हट्टामुळे जास्त.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. पुन्हा सगळं बंद. त्याच सुमारास भाऊसाहेबांनी सांगितलं की माझं प्रतिज्ञापत्र जानेवारीतलं आहे, जुनं झालं, नवं द्या. आणि त्याच महिन्यात शंभराचा स्टॅम्प पेपर बंद होऊन पाचशेचा आला होता. चारशे रुपयांचं काही नाही हो. पण माझा कागद कुणाच्या टेबलावर म्हातारा झाला, हे विचारायची सोय नव्हती.

ती सोय माहितीच्या अधिकारात आहे, हे मला उशिरा सुचलं. तुम्ही उशीर करू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तेव्हा कहाणी लिहू नका. माझा पहिला मसुदा दोन पानांचा होता आणि त्यात भारतीय प्रशासनावर एक परिच्छेद होता. मैत्रिणीनं तो फाडला. शेवटी एवढंच मागितलं: माझ्या अर्जाचा आजवरचा प्रवास, कुठल्या टेबलावर किती दिवस, आणि फाइलमधल्या टिपणीची प्रत. सोबत दप्तर दिरंगाईच्या कायद्याचा एका ओळीत उल्लेख केला. २००५ च्या या राज्य कायद्यात फाइल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त राहू नये असं आहे.

तिसाव्या दिवसाच्या दोन दिवस आधी उत्तर आलं. वरचं पान ‘प्रकरण कार्यवाहीत आहे’. ते अपेक्षितच होतं. मागे टिपणीची प्रत होती. त्यात ऑगस्टमध्येच कुणीतरी समंजस माणसानं लिहिलं होतं की ही नोंदीतली चूक दिसते, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. खाली वरिष्ठांची सही. त्याला जोडलेला पत्राचा मसुदा. आणि मसुद्यावर जावक क्रमांकाची जागा कोरी.

पत्र गेलंच नव्हतं. मी दोनदा जाऊन ज्याचा शोध घेतला ते पत्र फाइलमधून बाहेरच पडलेलं नव्हतं.

ती कोरी जागा मी भाऊसाहेबांसमोर ठेवली. आवाज चढवला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘बसा.’’ तोवर मला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

पत्र त्याच दिवशी जावक झालं आणि मी त्याची प्रत हातोहात नेली. पण खरा तोडगा काढला तो ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनांनी. त्यांना मी नुसतं विचारलं होतं की हत्यार बघता येईल का. ते म्हणाले, ‘‘ताई, आरटीओत चेसिस नंबरचा ठसा घेतात ना पेन्सिलनं, तसा घेऊ या की.’’ वरिष्ठांची परवानगी काढली, दोन पंच बोलावले, पंचनामा केला. पातळ कागद नंबरावर धरून पेन्सिल घासली आणि तो चार हळूहळू कागदावर उमटला. कारखान्यानं कोरलेला, ठसठशीत इंग्रजी चार. घरी बाबांच्या एलआयसीच्या फाइलमध्ये १९९८ च्या खरेदीचं टाइप केलेलं बिल सापडलं, त्यावरही चार. दुकान कधीच बंद झालंय, पण बिल ते बिल. तेव्हा वडिलांची कुठलीही फाइल फेकू नका, विषय वेगळा असला तरी.

पंचनामा, ठसा, बिल आणि जिल्ह्याचं उत्तर एकत्र झाल्यावरही संगणकातली दुरुस्ती व्हायला एप्रिल २०२५ उजाडला. मधल्या महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दर सोमवारी जात होते, एवढंच.

उपायुक्तांसमोरची मुलाखत पाच मिनिटांची. त्यांनी विचारलं, ‘‘हत्यार कशाला हवंय?’’ मी खरं ते सांगितलं, ‘‘सर, मागच्या ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर नको म्हणाले असते.’’ साहेब हसले नाहीत. सही मात्र केली.

कुणाला यातून जायचं असेल तर परवान्याचं पुस्तक, यूआयएनची स्लिप आणि प्रत्यक्ष हत्यार, तिन्ही शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवा. हे जमा करायच्या आधी करायचं, नंतर हत्यार तुमच्या हातात नसतं. आई-वडील हयात असतील तर आत्ताच जुळवा. दुरुस्ती त्यांच्या सहीनं सोपी होते. शिवाय परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, तर ते स्वतःच वारसाचं नाव सुचवू शकतात. बाबांची पंचवीस वर्षं २०२३ मध्येच पूर्ण झाली होती. आम्हाला कुणालाच हा नियम माहीत नव्हता. आणि जमा पावतीवर नंबर अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहून घ्या. चेकवर लिहितो की आपण.

मे महिन्यात ठाण्यात गेले. मुद्देमाल कारकुनांनी कापडाची पुरचुंडी सोडली, काडतुसं टेबलावर ओळीनं लावून मोजली, सतरा. मग रिव्हॉल्वर आडवं धरून म्हणाले, ‘‘वाचा ताई, मोठ्यानं.’’ मी वाचलं. त्या आकड्याला आल्यावर त्यांनी बोट ठेवलं. ‘‘चार,’’ मी म्हणाले. ‘‘मराठी की इंग्रजी?’’ त्यांनी विचारलं, आणि मागच्या टेबलावरचे दोघंही हसले. मीही.

नळीवर गंजाचे दोन ठिपके पडले होते. जमा करताना तेल लावून, कोरड्या कापडात गुंडाळून द्यायला हवं होतं. तेही मला कुणी सांगितलं नव्हतं.