अकरा चाळीसचं अस्वल

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणीगणना असते, तिच्यासाठी मचाणावर बसायला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाघ दिसेल ना?" मी सांगतो, पाणी आहे, चांदणं आहे, बाकी तुमचं नशीब. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट होता, पण इथला वाघ ताडोबासारखा रस्त्यावर येऊन उभा राहत नाही. मेळघाटातल्या गुगामल राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात तर नाहीच.

त्या रात्री मचाणावर आम्ही चौघं. पुण्याच्या एक मॅडम, त्यांचा कॉलेजातला मुलगा, मी आणि आमचे वनमजूर मामा. मामा कोरकू आदिवासी, साठीला टेकलेले. मी वनरक्षक, कागदावर बीट, म्हणजे राखायला दिलेला जंगलाचा तुकडा, माझं, पण चालतं मामांच्या पायांनी.

दुपारीच मी पाणवठा तपासला होता. उन्हाळ्यात हे रोजचं काम. शिकारी पाण्यात युरिया कालवतात, म्हणून लिटमसचा कागद बुडवायचा आणि काठाने एक फेरी मारून मेलेली बेडूकपिल्लं किंवा पाखरं पडलीत का ते बघायचं. कागदापेक्षा माझा बेडकांवर जास्त भरवसा.

नऊच्या सुमारास मामा नाक वर करून बसले. मला काहीच कळेना. मग म्हणाले, "साब, उधर देखो." नाल्यापलीकडच्या उतारावर केशरी दोरा पडल्यासारखी आग दिसत होती.

आग पुढे सरकू नये म्हणून जी जाळरेषा काढतो तिच्याबद्दल थोडं सांगतो, कारण गाडीतून जाणाऱ्याला तो नुसता मोकळा पट्टा वाटतो. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी गवत कापायचं, पाला ओढायचा, वारा पडलेला बघून तो जाळायचा. एवढं करून भागत नाही. सागाची पानं पापडासारखी वाळून गळत राहतात, आणि सकाळी लख्ख केलेली रेषा संध्याकाळी पुन्हा भरलेली असते. पाला उडवायचा ब्लोअर पाठीवर घेऊन दिवसभर चाललं की रात्री झोपेतही कानात तोच घरघराट. त्या वर्षीची माझी रेषा चांगली होती. फक्त आग रेषेच्या आतल्या बाजूला लागली होती. गळालेली शिंगं वेचायला येणारे पाला पेटवतात, म्हणजे शिंगं दिसतात. तेच असावेत.

वायरलेसवर कळवलं. उत्तर आलं, "सगळा स्टाफ मचाणांवर आहे. पर्यटकांना सोडू नका. सकाळी बघू." चूक त्यांचीही म्हणता येत नाही. पण भर आगीच्या हंगामात, एका रात्रीसाठी, जंगलातला प्रत्येक माणूस पाहुण्यांसोबत झाडावर बसवायचा, हे गणित मला आजवर उमगलेलं नाही. बरं, त्या रात्रीच्या गणनेवरून वाघांचा आकडा ठरत नाही, तो कॅमेरा ट्रॅपवरून ठरतो.

मामा म्हणाले, "नाले पे रोकना पड़ेगा. नहीं तो ऊपर का पूरा बांबू जाएगा." रात्री एकट्याने पायी जायचं नाही, हा नियम. मी गेलो असतो तर मचाणावर मामा होतेच. पण पाहुण्यांसोबत माझं नाव लिहिलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर अंधारातली ती वाट मला मामांएवढी ठाऊक नव्हती. मी "जा" म्हणालो नाही. "नको" पण म्हणालो नाही. मामा कुऱ्हाड आणि टॉर्च घेऊन शिडी उतरले. मुलगा कुजबुजला, "काका आता परत येणार का? प्राणी बुजतील ना."

अकरा चाळीसला अस्वल आलं. आधी पाला वाजला, मग फुंकरल्यासारखा श्वास ऐकू आला. मादी होती, पाठीवर पिल्लू. चांदण्यात पिल्लाचे कान तेवढे वेगळे दिसत होते. ती काठावर बसली आणि सुर्र सुर्र करत पाणी पिऊ लागली. मॅडमनी आनंदाने माझा दंड घट्ट धरला. माझ्या घशाला कोरड पडली होती. ज्या वाटेने मामा गेले होते, त्याच वाटेने ती आली होती, आणि पिल्लावाली अस्वल समोर आलेल्या माणसाला सोडत नाही. हाक मारावी तर ती बिथरून त्याच वाटेने परत फिरेल. मी गणनेच्या प्रपत्रात लिहिलं, "२३.४०, अस्वल, मादी १, पिल्लू १." अक्षर माझं मलाच लागत नव्हतं.

दोनच्या पुढे केशरी दोरा दिसेनासा झाला. विझला की आडोशाला गेला, कळायला मार्ग नव्हता.

फटफटताच पाहुण्यांना "हलू नका" सांगून मी धावलो. मामा नाल्यातल्या दगडावर बसले होते. पळसाच्या ओल्या डहाळ्यांनी त्यांनी काठाने हातभर रुंदीचा पट्टा लांबवर झाडून काढला होता. त्या पट्ट्यापलीकडे सगळं काळं, अलीकडे पाला जसाच्या तसा. मामांच्या भुवया करपल्या होत्या, एका चपलेचा पट्टा वितळला होता.

"कुछ दिखा क्या रात को?" त्यांनीच विचारलं.

मी अस्वलाचं सांगितलं.

"हां. मेरे बाजू से ही गई."

अभिप्रायाच्या फॉर्मवर मॅडमनी लिहिलं, अनुभव अविस्मरणीय, मात्र वायरलेसचा आवाज टाळावा. आगीच्या रजिस्टरमध्ये मी लिहिलं, "सकाळी ५.३०, कर्मचारी २, आग विझलेली आढळली. कारण अज्ञात." रात्री एकटा माणूस पाठवला असं लिहिलं असतं, तर माझ्याआधी मामांचंच काम गेलं असतं. निदान तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं. मामांनी न वाचताच खाली सही केली आणि नवा पट्टा लावायला चप्पल घेऊन गेले.